देवमाशाचा घोटा

उत्क्रांतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी काय शिल्लक आहेत? प्रश्न वाईट नाही, त्याचं उत्तर पुढे येईलच. पण माणसाबद्दल बोलायला लागलं की आपला मानापमान मध्ये येतो आणि चर्चा हाडांवरून अभिमानावर घसरते. म्हणून माणसाला थोडा वेळ बाजूला बसवू आणि देवमासा घेऊ. आपले पूर्वज कोण होते याची त्याला लाज नाही. शिवाय त्याच्या घराण्याची कितीतरी जुनी हाडं कच्छ, जम्मू-काश्मीर आणि पाकिस्तानातल्या खडकांत सापडली आहेत, म्हणजे गोष्ट आपल्या उपखंडातलीच आहे.

देवमासा जन्मभर पाण्यात राहतो, पण त्याला कल्ले नाहीत. श्वासासाठी वर यावंच लागतं, नाहीतर तो चक्क बुडून मरतो. त्याचं रक्त गरम असतं, मादी जिवंत पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. पोहायची तऱ्हाही वेगळी. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. चौखूर धावणाऱ्या कुत्र्याकडे बाजूने बघा, त्याचा कणा असाच वर-खाली वाकतो. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या परात दंडाचं हाड आहे, कोपराखालची दोन हाडं आहेत, मनगट आहे, बोटंही आहेत. हा प्राणी जमिनीवरून पाण्यात गेलेला असणार, हे एवढ्यावरूनच दिसतं. पण जमिनीवरच्या कुठल्या प्राण्यापासून, आणि कुठल्या वाटेने?

डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक अंदाज बांधून पाहिला होता. उत्तर अमेरिकेत तोंड उघडं ठेवून तासन्‌तास पोहत पाण्यातले किडे पकडणारं काळं अस्वल कुणीतरी पाहिलं होतं. अशा अस्वलांपासून पुढे देवमाशासारखा प्राणी होणं आपल्याला अशक्य वाटत नाही, असं त्याने लिहिलं. लोकांनी त्याची इतकी टर उडवली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो मजकूर छाटून टाकला. अस्वल चुकलंच होतं, पण दिशा बरोबर होती. त्याच्याकडे मधल्या टप्प्यांची हाडं नव्हती, एवढंच.

मूळ सिद्धांत सांगायला चार-पाच वाक्यं पुरतात. एकाच जातीच्या प्राण्यांत थोडाथोडा फरक असतो. त्यातले काही फरक आईबापांकडून पिल्लांत उतरतात. जगू शकतील त्यापेक्षा कितीतरी जास्त पिल्लं जन्माला येतात. मग ज्या फरकामुळे त्या ठिकाणी, त्या काळात तग धरून पुढे पिल्लं होण्याची शक्यता वाढते, तो फरक पुढच्या पिढीत जास्त जणांत दिसतो. याला नैसर्गिक निवड म्हणतात. गरज पडली म्हणून अवयव उगवत नाही, आणि जिराफाने मान ताणली म्हणून पिल्लाची मान लांब होत नाही. हे शाळेत शिकूनही पुढे आयुष्यभर आपण ‘प्राण्याने परिस्थितीनुसार स्वतःला बदललं’ असंच बोलत राहतो.

कुणी काहीही ठरवत नाही, तरी बदल होतो. कसा, ते मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात बघायला मिळालं. आफ्रिकन हत्तींमध्ये मादीलाही सुळे असतात. तिथे १९७७ ते १९९२ या काळात यादवी युद्ध चाललं, हस्तिदंतासाठी कत्तल झाली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले. युद्धाआधी साधारण १८ टक्के माद्या जन्मतःच बिनसुळ्याच्या होत्या. युद्धानंतर हे प्रमाण ५१ टक्क्यांच्या घरात गेलं. कुठल्याही हत्तिणीने सुळे नाकारले नव्हते. सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या आणि त्यांच्या लेकींमध्ये तो गुण उतरला. या गुणाची किंमतही मोठी आहे. ज्या जनुकीय बदलामुळे मादीला सुळे येत नाहीत, तोच नर पिल्लाच्या वाट्याला आला तर ते जन्माला येत नाही असं संशोधकांना २०२१ मध्ये दिसून आलं. ‘बळी तो कान पिळी’ म्हणजे उत्क्रांती, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं. इथे टिकलेला प्राणी जास्त बलवान नाही. शिकाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तो टिकला.

ही झाली दोन-तीन पिढ्यांतली गोष्ट. देवमाशाच्या गोष्टीला कोट्यवधी वर्षं लागली, आणि ती उलगडली उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटचे पूर्वज आधी सापडले.

१८३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात प्रचंड मणके सापडले. समुद्रातला राक्षसी सरडा असावा असं वाटून त्याला बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा, असं नाव दिलं गेलं. पुढे रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने त्याचे दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं होती, जी सरड्याला नसतात, सस्तन प्राण्यांना असतात. हा राजा देवमाशांपैकी निघाला. नाव बदलायचे नियम कडक असल्यामुळे बिचारा अजून सरडाच म्हणवून घेतो. इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान नावाची दरी आहे, तिथे अशा देवमाशांचे सांगाडेच्या सांगाडे वाळूत उघडे पडलेले आहेत. तिथे अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ फिलिप गिंगरिच यांच्या चमूला १९८९ मध्ये बॅसिलोसॉरसचे मागचे पाय मिळाले. पंधरा-सोळा मीटरच्या प्राण्याला एखाद-दीड फुटाचे पाय, पण गुडघा, घोटा, बोटं सगळं जागच्या जागी. त्या पायांवर उभं राहणं शक्यच नव्हतं.

गिंगरिच यांनी त्याआधी, १९८१ मध्ये, पाकिस्तानातून आणखी जुना प्राणी जगापुढे आणला होता. पाकिसेटस, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचा. आकार लांडग्याएवढा, चार चांगले पाय, राहणं नदीकाठी. दिसायला त्यात देवमाशाचं काहीच नाही. पण कानाचं हाड बघितलं की गोष्ट बदलते. देवमाशांच्या मधल्या कानाभोवतीच्या हाडाची एक कड जाड आणि अतिशय घट्ट असते. इतर जिवंत सस्तन प्राण्यांत अशी कड नाही, आणि पाकिसेटसमध्ये ती होती. पुढे १९९४ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसेन यांनी पाकिस्तानातूनच अँब्युलोसेटसचं वर्णन केलं. मोठे पाय, मगरीसारखा उथळ पाण्यात दबा धरणारा, चालता येणारा आणि पोहताही येणारा.

कच्छमध्ये हरुडी गावाच्या परिसरात आज उघडा माळ आहे. त्या काळी तिथे टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या समुद्राचा उथळ किनारा होता. हिमालय अजून उभा राहायचा होता. तिथून अशोक साहनी आणि नंतर सुनील बाजपेयी या भारतीय जीवाश्मतज्ज्ञांनी लांब तोंडाचे, आखूड पायांचे देवमासे शोधले. त्यातला कच्छीसेटस इतका छोटा की पाणमांजराची आठवण व्हावी. या साऱ्या हाडांत नाकपुड्या हळूहळू तोंडाच्या टोकावरून मागे सरकताना दिसतात, कंबरेचं हाड कण्यापासून सुटत जातं, मागचे पाय लहान होत जातात. दातांच्या रसायनावरून प्राणी गोडं पाणी पीत होता की खारं, हेही कळतं. पाकिसेटस गोड्या पाण्याचा, नंतरचे समुद्राचे. जमिनीवर चालणाऱ्या पाकिसेटसपासून पाण्याबाहेर येऊच न शकणाऱ्या बॅसिलोसॉरसपर्यंत सुमारे एक कोटी वर्षं गेली. पृथ्वीच्या हिशेबात हा वेग चांगलाच म्हणायचा.

आता खरी गंमत. देवमाशाच्या मुळाशी कोण, यावर १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांचं जोरदार भांडण झालं. जीवाश्मतज्ज्ञ म्हणत, त्रिकोणी दात बघा, हे मेसोनिकिड नावाच्या नामशेष झालेल्या, खुर असलेल्या मांसाहारी प्राण्यांचे वंशज. रक्त आणि जनुकं तपासणारे म्हणत, अजिबात नाही, हे गाय, डुक्कर, हरीण यांच्या समखुरी (पायाला जोडीने खुर असलेल्या) गटातले, आणि आज जिवंत असलेल्यांत यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. हाडवाल्यांना हे हास्यास्पद वाटे. पाणघोड्याचे जीवाश्म देवमाशांपेक्षा कितीतरी अलीकडचे आहेत, मग नातं कसं जुळणार?

जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ मध्ये जो पुरावा मांडला, तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो. डीएनएमध्ये काही छोटे तुकडे असे असतात की ते स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडेच कुठेतरी घुसवतात. कुठे घुसेल याचा नेम नाही, आणि एकदा घुसलेली प्रत सहसा तिथून स्वच्छपणे निघून जात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा देशभरातल्या पोथ्यांचं आपसातलं नातं ठरवताना अशाच घुसवलेल्या मजकुराची युक्ती वापरली गेली. दोन पोथ्यांत नेमक्या त्याच जागी तोच घुसवलेला श्लोक किंवा तीच नकलाकाराची चूक असेल, तर दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या. ओकादांच्या गटाला देवमासा आणि पाणघोडा यांच्या डीएनएत असेच सारखे तुकडे त्याच त्याच जागी सापडले, आणि ते गायीत नव्हते, डुकरात नव्हते, उंटातही नव्हते.

म्हणजे हाडं एक सांगत होती आणि जनुकं दुसरंच. निकाल लागला तो घोट्यावर. सगळ्या समखुरी प्राण्यांच्या घोट्यातलं एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं, वरही खाच आणि खालीही. गायीच्या, बकरीच्या घोट्यात ते असतं, कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या नसतं. मेसोनिकिडांमध्येही नव्हतं. आजच्या देवमाशांना घोटाच नाही, त्यामुळे तपासायचं कुठे? जुन्या देवमाशांचे घोटे हवे होते. गिंगरिच मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. त्यांना बलुचिस्तानात हवी ती हाडं मिळाली, आणि ती दुहेरी कप्पीची निघाली. थेविसेन यांना पाकिसेटसच्या सांगाड्यात तेच दिसलं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये दोघांचे शोध जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले, आणि गिंगरिच यांनी आपलं आधीचं मत सोडून दिलं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी जिवंत प्राण्यांच्या डीएनएवरून जे सांगितलं होतं, ते पावणेपाच-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोट्यात निघालं. उत्क्रांतीचा पुरावा म्हणजे एखादा ‘हरवलेला दुवा’ अशी आपली समजूत असते. त्यापेक्षा, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा दोन पद्धतींनी एकच वंशवृक्ष सांगणं, हे मला कितीतरी वजनदार वाटतं. आणि हे उलटंही पडू शकलं असतं. घोटा कुत्र्यासारखा निघाला असता, तर जनुकवाल्यांना आपली मांडणी पुन्हा तपासावी लागली असती. डायनोसॉरच्याही आधीच्या खडकात देवमाशाची एक कवटी सापडली, तर आजही सगळंच मोडून पडेल.

यात जम्मू-काश्मीरचाही वाटा आहे. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी कालाकोट भागातून खडक गोळा केले होते आणि १९७१ मध्ये काही दात व जबड्यांवरून इंडोह्यस या प्राण्याचं नाव ठेवलं होतं. बरेच खडक न फोडता तसेच राहिले. रंगा राव गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते थेविसेन यांच्याकडे सोपवले. खडक साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड तुटलं, आणि आत ती देवमाशाची जाड कड होती. २००७ मध्ये थेविसेन, बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी इंडोह्यस जगापुढे मांडला. मांजराएवढा, सडपातळ पायांचा, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणाच्या अंगलटीचा. त्याच्या पायांची हाडं मात्र जाड आणि जड, पाण्यात तरंगून वर येऊ नये अशी. आफ्रिकेतली पाणथळ पिसोरी आजही गरुड दिसला की पाण्यात बुडी मारून बसते. पाण्याची वाट अशीच, भीतीपोटी, सुरू झाली असेल, असं थेविसेन आणि सहकाऱ्यांना वाटतं.

आणि इथेच माकडांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. इंडोह्यस देवमाशांचा पणजोबा नाही. हाती आलेली त्याची हाडं तर पाकिसेटसपेक्षा थोडी नंतरचीच आहेत. तो चुलत घराण्यातला. तसाच पाणघोडाही. पाणघोड्यापासून देवमासा झाला नाही, दोघांचा कुणीतरी सामाईक पूर्वज होता, तो दोघांसारखाही नव्हता आणि आता उरलेला नाही. माणूस आणि आजची माकडं यांचंही असंच आहे. आपल्याला चुलत भावंडं आहेत, म्हणून आपले आजोबा खोटे ठरत नाहीत.

जुन्या घराच्या खुणा जिवंत देवमाशांच्या अंगावरही आहेत. डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. निळ्या देवमाशाच्या गटातल्या प्राण्यांना जन्मभर दात नसतात, त्याजागी गाळणीसारखी झालर असते. पण गर्भात दातांच्या कळ्या येतात आणि जिरतात. दातांचं कवच बनवणारी जनुकं त्यांच्या डीएनएत मोडक्या अवस्थेत पडून आहेत. क्वचित जुनी आज्ञा पुन्हा जागी होते. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकूवर बेटाजवळ मारलेल्या एका कुबड्या देवमाशाला मीटरभराहून लांब मागचे पाय होते. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंगच नाही. गढूळ पाण्यात आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्याचं डोळ्यावाचून अडत नाही, त्यामुळे डोळा बिघडवणारे बदल निवडीत गाळले गेले नाहीत. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे आणि त्यात अवशेषांगं येतात. मुलं माकडहाड आणि आंत्रपुच्छ पाठ करतात. देवमाशाचे दात तिथे असते तर मजा आली असती.

नामशेष होणं हा याच कथेचा दुसरा भाग. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त आता नाहीत. वर ज्यांची नावं घेतली ते पाकिसेटस, अँब्युलोसेटस, कच्छीसेटस, बॅसिलोसॉरस, सगळे गेलेले आहेत. मुळात देवमाशांना समुद्रात जागा मिळाली तीही इतरांच्या मरणामुळे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलूबजवळ सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचे काळे कडे म्हणजे तोच थिजलेला लाव्हा. त्या संहारात दख्खनचा वाटा किती, यावर वाद चालू आहे, बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष अशनीला देतात. जमिनीवरचे डायनोसॉर संपले (पक्षी सोडून), आणि समुद्रातले मोझासॉर, प्लेसिओसॉर हे मोठे शिकारी सरपटणारे प्राणीही संपले. समुद्र मोकळा झाला. सस्तन प्राणी दीड कोटी वर्षांनी त्यात उतरले. पुढे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला अंटार्क्टिकावर बर्फ साठू लागलं, समुद्र थंड झाले, प्रवाह बदलले आणि बॅसिलोसॉरसचं घराणं मिटलं. त्यांच्या जवळच्या एका शाखेतून आजच्या सुमारे नव्वद प्रजाती आल्या.

एका परिस्थितीत बेतलेलं शरीर दुसरीत अडकतं. २०१५ च्या जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत वाहून आला आणि तिथेच मेला. पाण्याचा आधार सुटला की असं शरीर स्वतःच्याच वजनाखाली दबतं. पूर्वज जमिनीवर धावत होते, याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

परिस्थिती हळू बदलली तर निवडीला वेळ मिळतो. माणसाने तो वेळच काढून घेतला. स्टेलरची समुद्रगाय, देवमासा नव्हे पण पाण्यातलाच सस्तन प्राणी, शास्त्रज्ञाच्या नजरेस पडली १७४१ मध्ये, आणि १७६८ पर्यंत शिकारीने संपली. सत्तावीस वर्षांत. समुद्रगायीची एक पिढी मोठी व्हायला किती वर्षं लागतात याचा विचार केला, तर इथे निवडीला काम करायला जागाच नव्हती. चीनच्या यांगत्से नदीतला बैजी डॉल्फिन २००६ मध्ये सहा आठवडे नदी पालथी घालूनही दिसला नाही. त्याला कुणी ठरवून मारलं नव्हतं. जाळी, गळ, जहाजं, धरणं यांतून तो गेला. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या निळ्या देवमाशांची संख्या अंदाजे २ लाख ३९ हजारांवरून १९७० च्या दशकात चारशेच्याही खाली आली होती. निळ्या देवमाशांच्या शिकारीवर १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय बंदी आली होती, आणि १९७० च्या दशकापासून ते हळूहळू सावरत आहेत. गंगेच्या खोऱ्यातला डॉल्फिनही तग धरून आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत भारतातल्या नद्यांमध्ये ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले, जवळपास सगळे गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले.

आपल्या समोरच्या अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक वेगळा गट आहे. जगभरातले त्यांचे भाऊबंद खाण्यासाठी ध्रुवांकडे आणि पिल्लांसाठी उष्ण कटिबंधाकडे असे वर्षाला हजारो किलोमीटर ये-जा करतात. हे मात्र बारमाही अरबी समुद्रातच राहतात, कारण मान्सूनचे वारे ओमानच्या किनाऱ्यावर खोल पाणी वर ओढून आणतात आणि खाणं दारातच मिळतं. जनुकांवरून दिसतं की ते सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून तुटलेले आहेत. प्रजाती वेगळी व्हायला सुरुवात होते ती अशीच. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. १९६० च्या दशकात सोव्हिएत शिकारी जहाजांनी याच गटातले जवळपास अडीचशे देवमासे बेकायदा मारले होते. आता ओमानच्या बाजूला शंभरही नसावेत असा अंदाज आहे, आणि त्यांच्या अंगावर जाळ्यांचे वळ दिसतात. इतक्या थोड्यांत नात्यातच जोड्या लागतात आणि पिढ्यांगणिक आपसातले फरक पुसले जातात. नैसर्गिक निवडीला निवडायला लागतात ते हेच फरक.